घंटेचा गल्ला आणि जॉन पॅटरसन

बी.कॉम. झाल्यावर एखाद्या कंपनीत विक्रेत्याची फिरतीची नोकरी धरावी, असा विचार मी घरी बोलून दाखवला तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते येथे लिहीत नाही. बँकेतला कारकून तो नोकरदार आणि पिशवी घेऊन दुकानोदुकान हिंडणारा तो बिचारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असेही नाही. एका दिवाळीच्या हंगामात मी कापडाच्या एका दुकानात गिऱ्हाइकांपुढे थान उलगडण्याचे काम केले. आम्ही पाच पोरे होतो. पहिल्या दिवशी फळ्या दाखवल्या, भाव सांगितले आणि उभे केले. मराठी गिऱ्हाईक आले की मराठी बोलायचे, कानडी आले की कानडी, एवढेच आमचे भांडवल. पाचांतले तिघे वसुबारसेच्या आधीच निघून गेले. विक्रीवर वरकड काही मिळेल असे सुरुवातीला सांगितले होते. हिशेबाच्या दिवशी उरलेल्या आम्हा दोघांखेरीज ते कुणालाच आठवेना. आणि मालकांची तक्रार अशी, की आजकालच्या पोरांना कष्ट नकोत!

कष्टाळू तरुण विक्रेते मिळवावे कसे आणि मिळालेले टिकवावे कसे, हा प्रश्न जुनाच आहे. ज्या माणसाने त्याचा सर्वांत खोलवर विचार केला, तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डेटन या गावचा जॉन हेन्री पॅटरसन. विक्रयकलेच्या टिपणांत त्याचे नाव एखाद्या ओळीत येते आणि आपण पान उलटतो. मी पान न उलटता ग्रंथालयात थोडा शोध घेतला, आणि जो माणूस सापडला तो टिपणात मावणारा नव्हता. तो आदर्श पुरुष होता असे मात्र कुणी समजू नये.

पॅटरसनचा जन्म १३ डिसेंबर १८४४ चा. घर खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचे. आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कर्नल. स्वतः पॅटरसननेही यादवी युद्धात १८६४ साली शंभर दिवसांची शिपाईगिरी केली, पण लढाई अशी पाहिली नाही. पुढे डार्टमथ कॉलेजातून १८६७ मध्ये तो पदवीधर झाला. कॉलेजने आपल्याला उपयोगाचे फारसे काही शिकवले नाही असे तो पुढे म्हणत असे. (आपल्या प्राध्यापकांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.) पदवी घेऊन गावी परतलेल्या या तरुणाला नोकरी कोणती मिळाली? कालव्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून जकात वसूल करण्याची! त्या नाक्यावर बसूनच त्याने कोळसा विकण्याचा जोडधंदा काढला, आणि भावांच्या सोबतीने तो वाढवत खाणीपर्यंत नेला.

खाणीवर कामगारांसाठी कंपनीचे एक दुकान होते. माल खपत होता, गर्दी होती, भावही ठीक होते, आणि तरी दुकान तोट्यात. पैसा कुठे झिरपतो ते कळेना. त्या सुमारास डेटनमध्येच जेम्स रिटी नावाच्या एका दारूगुत्त्याच्या मालकाने एक यंत्र शोधून काढले होते. नोकर गल्ल्यात हात घालतात या त्रासाने तो बेजार झाला होता. बोटीने प्रवास करताना पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्याने पाहिले. फेरे मोजता येतात तर विक्रीच्या रकमा का मोजता येऊ नयेत, असे त्याच्या मनात आले. १८७९ मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. यालाच आपण कॅश रजिस्टर म्हणतो. पुढे त्याला पैशांचा खण जोडला गेला आणि घंटाही आली. कळ दाबली की आकडा वर येणार, घंटा वाजणार आणि मगच गल्ला उघडणार. विक्री झाली हे गिऱ्हाइकालाही दिसणार आणि मालकालाही ऐकू जाणार. पॅटरसनने ही यंत्रे आपल्या दुकानासाठी मागवली, आणि थोड्याच महिन्यांत तोट्याचे दुकान नफ्यात आले.

१८८४ मध्ये त्याने हे यंत्र बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा ताबाच ६,५०० डॉलरना घेतला. गावातल्या व्यापाऱ्यांना हे कळले तेव्हा ते त्याला हसले. त्या कंपनीचा धंदा मेल्यात जमा होता. पॅटरसन इतका खजील झाला की सौदा मोडण्यासाठी त्याने विकणाऱ्याला २,००० डॉलर देऊ केले. विकणारा शहाणा होता. ती कंपनी मला फुकट दिलीत तरी परत नको, असे त्याने कळवले. तेव्हा पर्याय उरला नाही म्हणून पॅटरसन कामाला लागला आणि कंपनीला नॅशनल कॅश रजिस्टर हे नाव दिले. उद्योगपतींच्या चरित्रांत दूरदृष्टी हा शब्द फार स्वस्त झाला आहे, म्हणून ही हकीगत मुद्दाम सांगितली.

यंत्र बनवणे ही अडचण नव्हतीच. ते कुणालाही नको होते, ही अडचण. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचेही तसेच झाले. ज्यांचे सायकलचे दुकान आपल्या बेळगावात होते, त्यांना पहिले नांगर खपवताना काय यातायात पडली, हे येथे कुणाला सांगायला नको. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती. पॅटरसनची अडचण याहून नाजूक. दुकानदाराने हे यंत्र घेणे म्हणजे आपले नोकर चोर आहेत असे जाहीर करणे. त्यामुळे नोकर या यंत्राचे हाडवैरी. कंपनीच्या नावाचे टपाल मालकाच्या हाती पडण्यापूर्वीच ते फाडून टाकत, म्हणून पॅटरसनला आपली पत्रके कोऱ्या लिफाफ्यांतून पाठवावी लागली. विक्रेता दारात दिसला की त्याला पिटाळून लावत. असा माल विकायचा तर सामान्य विक्रेत्याचे काम नव्हे.

आणि विक्रेते होते कसे? त्या काळी अमेरिकेत फिरता विक्रेता म्हणजे बोलघेवडा, किस्से सांगून गिऱ्हाइकाला हसवणारा, दारू पाजून ऑर्डर काढणारा माणूस. विक्री ही जन्मजात देणगी आहे, ती शिकवता येत नाही, ही सर्वांची ठाम समजूत. आपल्याकडे आजही एखाद्या मुलाला जिभेवर साखर आहे म्हणून दुकानात बसवतात, तीच ही समजूत. पॅटरसनने ती मानली नाही. नात्यातल्या जोसेफ क्रेन नावाच्या एका विक्रेत्याची यंत्रे इतरांपेक्षा जास्त खपत होती. चौकशी केली तेव्हा कळले, की क्रेन प्रत्येक दुकानदारापुढे तेच शब्द त्याच क्रमाने बोलतो. त्याने आपले बोलणे पाठ केलेले होते. पॅटरसनने ते सगळे लिहवून घेतले आणि १८८७ मध्ये त्याची पुस्तिका छापली. विक्रेत्यांसाठी छापलेल्या पहिल्या पाठांपैकी हा एक. सर्वांनी ती तोंडपाठ करावी असा हुकूम निघाला.

जुने विक्रेते खवळले. आम्ही काय पोपट आहोत, असा त्यांचा सूर. पण पुस्तिकेतले शहाणपण पोपटपंचीच्या पलीकडचे होते. यंत्राविषयी आधी बोलायचेच नाही. दुकानदाराच्या अडचणीविषयी बोलायचे. उधारी लिहायची राहते का, मोड देताना चूक होते का, संध्याकाळी गल्ला जुळतो का, हे त्याच्याच तोंडून काढायचे. मग यंत्र दाखवायचे, तेही गर्दीच्या दुकानात नव्हे, तर हॉटेलात भाड्याने घेतलेल्या खोलीत नीट मांडून. शेवटी घेणार का असे न विचारता कोणत्या रंगाचे पाठवू असे विचारायचे, आणि सहीच्या जागी आधीच फुली मारून कागद पुढे करायचा. हे शेवटचे मला थोडे लबाडीचे वाटते. पण पहिला भाग, म्हणजे समोरच्या माणसाच्या धंद्याचा आधी अभ्यास करणे, यात लबाडी काही नाही.

१८९४ मध्ये त्याने डेटनला आपल्या शेतावरच्या एका लहानशा घरात विक्रेत्यांची शाळा काढली. तेथे नवशिक्यांना पुस्तिका पाठ करावी लागे, खोट्या दुकानात खोट्या गिऱ्हाइकापुढे बोलून दाखवावे लागे आणि सर्वांसमक्ष चुका ऐकून घ्याव्या लागत. पॅटरसन मोठमोठ्या कागदांवर चित्रे काढून शिकवी. कानांपेक्षा डोळ्यांवर त्याचा विश्वास अधिक. अनुभवी विक्रेते पकडून आणण्यापेक्षा कोवळे तरुण घेऊन घडवणे बरे, ही त्याची रीत या शाळेने शक्य केली. माणूस जन्मतः विक्रेता असावा लागतो असे म्हटले की निवड म्हणजे नशिबाचा खेळ होतो. तो घडवता येतो असे म्हटले की निवडताना फक्त मेहनतीची तयारी पाहायची, बाकीची जबाबदारी कंपनीची.

टिकवण्यासाठी त्याने काय केले, हा भाग आमच्या दुकानमालकांनी वाचावा असा आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक विक्रेत्याला त्याचा मुलूख नेमून दिला. त्या हद्दीत यंत्र कुणीही विकले, अगदी गिऱ्हाइकाने परगावी जाऊन विकत घेतले, तरी कमिशन त्या मुलखाच्या विक्रेत्यालाच. यामुळे एकाने दुसऱ्याचे गिऱ्हाईक पळवणे थांबले आणि आज पेरलेले उद्या आपणच कापू असा भरवसा आला. दुसरी गोष्ट, कमिशनाला वरची मर्यादा नाही. विक्रेता फार कमावू लागला की मालकाच्या पोटात दुखते आणि तो दर कापतो, हे सर्वत्र घडते. पॅटरसनचा हिशेब वेगळा होता: विक्रेत्याने जितके अधिक मिळवले तितके कंपनीने त्याच्या अनेक पटींनी मिळवले. तिसरी गोष्ट, उद्दिष्ट. मुलखाची लोकसंख्या आणि व्यापार पाहून ज्याचा त्याचा कोटा ठरे. तो गाठणाऱ्यांची मंडळी वेगळी आणि त्यांचा मानही वेगळा. त्यांना डेटनला मेळाव्यासाठी बोलावत. बक्षिसांच्या स्पर्धाही सतत चालत.

याच १८९४ साली एक मोठा फटका बसला. इंग्लंडला पाठवलेली ५०,००० डॉलर किमतीची यंत्रे नादुरुस्त म्हणून परत आली. चौकशीत आढळले की कारखान्यातच कुणी त्यांत आम्ल ओतले होते. पॅटरसनने पोलिसी खाक्या दाखवला असता तर नवल नव्हते. त्याने आपले टेबल उचलून कामगारांच्या मध्ये नेऊन ठेवले. अंधार, घाण, अपुरी मजुरी हे सगळे पाहिल्यावर या लोकांनी चांगले काम का करावे, याला आपल्याकडे उत्तर नाही हे त्याला उमगले. पुढच्या काही वर्षांत भिंतींच्या जागी काचा असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. स्त्री-कामगारांना गरम जेवण, सर्वांना स्नानगृहे, दवाखाना, वाचनालय, कामगारवस्तीतल्या मुलांसाठी बागकामाच्या जमिनी, असे बरेच काही सुरू झाले. दया म्हणून आपण हे करीत नाही, यात फायदा आहे म्हणून करतो, असे तो उघड सांगे. मला ही स्पष्टोक्ती आवडते.

आता थॉमस वॉटसन याची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातला हा खेड्यातला मुलगा गाडीवर पियानो आणि शिवणयंत्रे लादून शेतकऱ्यांना विकत हिंडला, मग बफेलो शहरात त्याने खाटकाचे दुकान घातले आणि ते बुडाले. दुकानात हप्त्याने घेतलेले एक कॅश रजिस्टर होते. त्याचे राहिलेले हप्ते नव्या मालकाच्या नावे करून देण्यासाठी तो कंपनीच्या कचेरीत गेला आणि तेथेच नोकरीच्या मागे लागला. साल १८९६, वय २२. तेथला प्रमुख रेंज याने त्याला आधी घेतलेच नाही, आणि अनेक खेपांनंतर घेतले. पहिल्या आठवड्यांत वॉटसनला एकही यंत्र विकता आले नाही. रेंजने त्याची अशी हजेरी घेतली की तो नोकरी सोडण्याच्या बेताला आला. पण मग रेंज स्वतः त्याच्यासोबत गाडीत बसला, दुकानोदुकान गेला आणि कसे विकायचे ते करून दाखवले. थोड्याच काळात वॉटसन त्या भागातल्या अव्वल विक्रेत्यांत गणला जाऊ लागला. छापील पाठाच्या जोडीला असा हात धरणारा वडीलधारा मिळणे, हे मला त्या सगळ्या पद्धतीचे मर्म वाटते.

येथपर्यंत वाचून पॅटरसनच्या पायावर डोके ठेवावेसे वाटेल, म्हणून दुसरी बाजू. सगळी बाजारपेठ आपलीच हवी, हे त्याचे वेड होते. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या या यंत्रांच्या धंद्यापैकी जवळजवळ ९५ टक्के त्याच्या मुठीत होता, आणि तो केवळ चांगल्या विक्रेत्यांमुळे नव्हे. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे बिघडवणे, त्यांच्या गिऱ्हाइकांना धाक घालणे, त्यांच्यासारखी दिसणारी हलकी यंत्रे मुद्दाम स्वस्तात काढणे, असे आरोप त्याच्यावर झाले. १९०३ मध्ये तर याच वॉटसनला कंपनीच्या गुप्त पैशावर जुन्या यंत्रांचे वेगळे दुकान काढायला लावले, इतर जुना माल विकणाऱ्यांना बुडवण्यासाठी. ज्या तरुणांना त्याने मेहनत शिकवली त्यांनाच हेही शिकवले. वॉटसनसारख्या मेहनती माणसाने हे निमूटपणे केले, याचा मी पुष्कळ विचार केला. चांगला पगार आणि मान देणाऱ्या मालकाला नाही म्हणणे वाईट मालकाला नाही म्हणण्यापेक्षा कठीण असावे.

सरकारने १९१२ मध्ये खटला भरला. १३ फेब्रुवारी १९१३ रोजी पॅटरसन, वॉटसन आणि इतर बऱ्याच अधिकाऱ्यांना मक्तेदारीच्या कायद्याखाली दोषी ठरवले गेले. पॅटरसनला एक वर्ष कैद आणि ५,००० डॉलर दंड. त्याने अपील केले. आणि सहा आठवडेही झाले नाहीत तोच, २५ मार्चला, डेटनमध्ये महापूर आला. गावाच्या मध्यभागी पाणी माड्यांपर्यंत चढले. कंपनीची जागा उंचावर होती. अडुसष्ट वर्षांच्या पॅटरसनने कारखान्याचे उत्पादन थांबवून सुतारांना नावा बांधायला बसवले. सुमारे ३०० नावा तयार झाल्या. बेघर लोकांना कारखान्यात जागा, जेवण, औषध मिळाले. विक्रीसाठी जी शिस्त बसवली होती ती आता माणसे वाचवायला कामी आली. त्याला माफी मिळावी म्हणून देशभरातून मागण्या गेल्या. मला माफी नको, न्याय हवा, अशी त्याची भूमिका. १९१५ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला, आणि तो खटला पुन्हा उभा राहिला नाही. पूर आणि खटला यांत खरा पॅटरसन कोणता, असे विचारणे मला निरर्थक वाटते. दोन्ही ठिकाणी तोच होता.

पण विक्रेत्यांच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा दोष निराळाच. ज्याने माणसे टिकवण्याचे शास्त्र रचले, त्याला आपल्या तोलामोलाचा माणूस शेजारी सहन होत नसे. ह्यू चाल्मर्स चौदाव्या वर्षी कचेरीतला पोऱ्या म्हणून लागला आणि विक्री विभागाचा प्रमुख होऊन बसला, त्याला काढले. चार्ल्स केटरिंगने कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवून दिली; तोही पुढे बाहेर पडला आणि मोटारींसाठी विजेचा स्टार्टर त्याने केला. पॅटरसनच्या लहरीही विचित्र. अधिकाऱ्यांनी पहाटे घोड्यावर बसलेच पाहिजे, अमुकच खाल्ले पाहिजे, एका अंगमेहनतीच्या शिक्षकाने चेहरा पाहून माणूस नापसंत केला तर त्याची नोकरी धोक्यात! एक अधिकारी बाहेरून परतला तेव्हा त्याचे टेबल हिरवळीवर जळत होते आणि त्यावरून त्याने काय ते ओळखले, अशी आख्यायिका सांगतात. १९१३ च्या अखेरीस वॉटसनचीही पाळी आली. खटल्यात त्याच्या जोडीने आरोपी म्हणून उभा राहिलेला माणूस, नुकतेच लग्न झालेला, आणि त्याला निरोप मिळाला.

जाताना वॉटसनने कोटा, मेळावे, विक्रेत्यांची शाळा, नीटनेटका पोशाख, भिंतीवरचा विचार करा हा फलक, सगळे सोबत नेले. १९१४ मध्ये त्याने एक रडतखडत चाललेली कंपनी हाती घेतली. १९२४ मध्ये तिला आय.बी.एम. हे नाव मिळाले. ज्याने काढून टाकले त्याच्याविषयी वॉटसन शेवटपर्यंत आदराने बोलत असे, आणि धंद्यातले जवळजवळ सगळे आपण त्याच्याकडून शिकलो असे सांगत असे. त्या काळच्या अमेरिकेतल्या कितीतरी कंपन्यांच्या माथ्यावर पॅटरसनने हाकललेली माणसे बसली होती. मोटारींच्या धंद्यात तर विशेष. प्रशिक्षणाचा खर्च एकाने केला आणि पीक दुसऱ्यांनी नेले. हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण हाताखालचा माणूस मोठा झाला की त्याला तो आवडेनासा होई.

घरच्या आयुष्याविषयी सांगण्यासारखे थोडे. १८८८ मध्ये लग्न, आणि सहा वर्षांत पत्नी वारली. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. त्याने पुन्हा लग्न केले नाही. कंपनी मुलाकडे, फ्रेडरिककडे, गेली.

७ मे १९२२ रोजी अटलांटिक सिटीला जात असताना आगगाडीतच त्याचा मृत्यू झाला. वय ७७. तोपर्यंत वीस लाखांच्या आसपास यंत्रे विकली गेली होती. जगभरच्या दुकानांत घंटा वाजत होत्या, आणि त्या शेतावरच्या घरापासून सुरू झालेल्या शाळेत नवी पोरे पाठ म्हणत होती.